विश्लेषण : साठीनंतर लैंगिक संसर्गाचा धोका संपतो का? निदान उशिरा का होते, चाचणी कुठे करता येते?

भारतातील एचआयव्हीचे प्रमाण म्हणून जो मुख्य आकडा चर्चेत येतो, तो १५ ते ४९ वयोगटातील प्रौढांचा असतो. २०१९-२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानेही १५ ते ४९ वर्षांच्या महिला आणि १५ ते ५४ वर्षांच्या पुरुषांच्याच मुलाखती घेतल्या. २०११ च्या जनगणनेत मात्र साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटींहून अधिक होती. महाराष्ट्रात हे प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे १० टक्के, तर गोव्यात ११ टक्क्यांहून अधिक होते.

या वयातील लैंगिक आरोग्याबद्दल सर्वेक्षण विचारत नाही, डॉक्टर सहसा विचारत नाहीत आणि घरात तर हा विषय निघतच नाही. त्यामुळे ज्येष्ठांमधील संसर्ग अनेकदा उशिरा सापडतो आणि तोपर्यंत उपचार अवघड झालेले असतात. असे का होते, वयानुसार शरीरात काय बदलते, कोणत्या चाचण्या मोफत होतात आणि गोपनीयतेबाबत कायदा काय सांगतो, याचा हा आढावा.

आकडे ४९ वर का थांबतात?

कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा मूळ भर प्रजननावर आहे. किती मुले, कोणते गर्भनिरोधक, बाळंतपण कुठे झाले, हे प्रश्न १५ ते ४९ या वयातील स्त्रियांभोवती फिरतात. एचआयव्हीचे प्रमाणही देशादेशांत तुलना करता यावी म्हणून जगभर याच वयोगटासाठी मांडले जाते. एकूण रुग्णसंख्येच्या अंदाजात ज्येष्ठ धरलेले असतात, पण बातमीत आणि जनजागृतीच्या फलकावर तरुणच दिसतात.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, म्हणजे ‘नॅको’च्या २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख एचआयव्हीबाधित होते. त्यातील सुमारे ३.९ लाख, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, महाराष्ट्रात होते. औषधांमुळे आता हे रुग्ण दीर्घकाळ जगतात. चाळिशीत उपचार सुरू केलेली व्यक्ती साठी-सत्तरी गाठते. अमेरिकेत एचआयव्हीचे निदान झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आज पन्नाशीपुढचे आहेत. तरीही तेथील रोग नियंत्रण केंद्राने २००६ मध्ये नियमित चाचणीची शिफारस केली, ती १३ ते ६४ वयासाठी. म्हणजे वयाची ही अदृश्य रेषा केवळ भारतातच आहे असे नाही.

या वयात लैंगिक आयुष्य असते का?

असते. अमेरिकेत ५७ ते ८५ वयाच्या तीन हजारांहून अधिक स्त्री-पुरुषांचा अभ्यास २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५७ ते ६४ वयोगटातील ७३ टक्के, ६५ ते ७४ मधील ५३ टक्के आणि ७५ ते ८५ मधील २६ टक्के लोक लैंगिकदृष्ट्या सक्रिय आढळले. पन्नाशीनंतर या विषयावर डॉक्टरांशी एकदा तरी बोललेले पुरुष मात्र ३८ टक्के आणि स्त्रिया केवळ २२ टक्के होत्या. हे आकडे अमेरिकेचे आहेत, ते जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण आयुष्य सुरू असते आणि संवाद थांबलेला असतो, ही तफावत इथल्या दवाखान्यांनाही अनोळखी नाही.

महाराष्ट्रात उतारवयातील सहजीवनाला हळूहळू सार्वजनिक रूप मिळते आहे. जोडीदार गमावलेल्या ज्येष्ठांना एकत्र आणणारा ‘हॅपी सीनिअर्स’ हा माधव दामले यांचा पुण्यातील उपक्रम २०१२ पासून चर्चेत आहे. नवे नाते जुळताना घर कोणाच्या नावावर, पेन्शनचे काय, मुलांची संमती आहे का, याची चर्चा होते. आरोग्य तपासणीचा मुद्दा मात्र सहसा रक्तदाब आणि मधुमेहापाशी थांबतो.

दुसरा बदल औषधांचा. लैंगिक दुर्बलतेवरील सिल्डेनाफिल या गोळीला अमेरिकेत १९९८ मध्ये मंजुरी मिळाली. आता तिचे स्वस्त पर्याय भारतातही मिळतात. नियमानुसार ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही, तरी अनेक जण काउंटरवरून थेट घेतात. त्यात पहिला धोका हृदयाचा. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेट गटातील गोळ्यांसोबत सिल्डेनाफिल घेतल्यास रक्तदाब एकदम कोसळून जीवावर बेतू शकते. प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्यांसोबतही रक्तदाब घसरतो. दुसरा धोका असा की गोळी गुपचूप घेतली की डॉक्टरांशी बोलण्याची ती एक संधीही जाते, आणि त्यासोबत कंडोम किंवा चाचणीचा सल्लाही.

वयानुसार शरीरात काय बदलते?

भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते. त्यानंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते. योनीमार्गाचे अस्तर पातळ आणि कोरडे होते. तेथील उपयुक्त जिवाणू कमी झाल्याने संरक्षण करणारी आम्लता घटते. संबंधांच्या वेळी अस्तराला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडू शकतात आणि विषाणू-जिवाणूंना शिरकाव सोपा होतो. याच कारणाने लघवीच्या मार्गाचा संसर्गही या वयात वारंवार होतो.

संबंधांच्या वेळी दुखणे ‘वयाचेच’ समजून सोसले जाते. प्रत्यक्षात त्यावर उपाय आहेत : पाण्यावर आधारित वंगण जेली, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेन क्रीम. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल, तर क्रीमबाबत निर्णय कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच घ्यावा लागतो.

पुरुषांमध्येही आणि स्त्रियांमध्येही वयासोबत प्रतिकारशक्तीचा वेग मंदावतो. एचआयव्हीच्या बाबतीत याचा थेट परिणाम होतो. उपचार सुरू झाल्यावर विषाणू दबतो, पण सीडी-४ या संरक्षक पेशींची संख्या तरुणांच्या तुलनेत हळू वाढते. त्यामुळे ज्येष्ठांमध्ये लवकर निदानाचे महत्त्व अधिक.

‘ऑपरेशन झाले आहे’, मग कंडोम कशाला?

भारतात ‘निरोध’ १९६८ पासून घराघरांत पोहोचला तो कुटुंब नियोजनाचे साधन म्हणून. पुढे सर्वाधिक जोडप्यांनी स्त्रीनसबंदीचा मार्ग स्वीकारला. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित महिलांपैकी ३७.९ टक्के महिलांची ही शस्त्रक्रिया झालेली होती, तर कंडोमचा वापर ९.५ टक्के होता. आज साठीत असलेल्या पिढीच्या मनात कंडोम म्हणजे पाळणा लांबवण्याचे साधन हे समीकरण पक्के आहे. ऑपरेशन झाले किंवा पाळी गेली, की कंडोमचे काम संपले असे मानले जाते.

शस्त्रक्रिया गर्भधारणा रोखते, संसर्ग नाही. एचआयव्ही, सिफिलिस, गोनोरिया, हेपॅटायटिस बी यांना व्यक्तीच्या वयाशी किंवा नसबंदीशी देणेघेणे नसते. जोडीदार नवा असेल, किंवा दोघांपैकी एकाचेही इतरत्र संबंध असतील, तर चाचणी होईपर्यंत कंडोम हाच भरवशाचा उपाय आहे.

वापरताना एक चूक सर्रास होते. कोरडेपणावर उपाय म्हणून खोबरेल तेल, व्हॅसलीन किंवा अंगाला लावायचे क्रीम वापरले जाते. तेलामुळे लॅटेक्सचा कंडोम काही मिनिटांत कमकुवत होऊन फाटू शकतो. कंडोमसोबत पाण्यावर किंवा सिलिकॉनवर आधारित जेलीच वापरावी. पाकिटावरील मुदत तपासावी. ताठरता टिकत नसल्याने कंडोम निसटत असेल, तर त्याबद्दलही डॉक्टरांशी बोलता येते. त्यासाठी स्त्रियांनी वापरायचा कंडोम हा पर्यायही आहे.

निदान उशिरा का होते?

समजा, ६६ वर्षांच्या एका गृहस्थांचे वजन सहा महिन्यांत आठ किलोने कमी झाले. घरचे म्हणतात, ‘शुगर वाढली असेल.’ शुगर तपासली जाते. मग थायरॉइड, सोनोग्राफी, पुढे कर्करोगाच्या शंकेने सीटी स्कॅन. हजारो रुपये खर्च होतात. सरकारी केंद्रात मोफत होणारी एचआयव्हीची चाचणी मात्र यादीत सर्वांत शेवटी येते, किंवा येतच नाही.

याचे कारण लक्षणांच्या सारखेपणात आहे. थकवा, वजन घटणे, वारंवार न्यूमोनिया, तोंडात पांढरी बुरशी, रात्री घाम, विसराळूपणा ही एचआयव्हीची लक्षणे म्हातारपणाच्या किंवा इतर आजारांच्या खात्यावर सहज जमा होतात. उपचार न झालेला सिफिलिस अनेक वर्षांनी मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. तेव्हा होणारा स्मृतिभ्रंश आणि स्वभावातील बदल डिमेन्शियासारखे दिसतात. पुरुषांची लघवीची जळजळ प्रोस्टेटवर ढकलली जाते, स्त्रियांचे पांढरे पाणी ‘अंगावरून जाते’ म्हणून दुर्लक्षिले जाते.

टीबीचे निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाला एचआयव्ही चाचणी सुचवली जाते, त्यामुळे काही ज्येष्ठ तेथे सापडतात. काहींना मोतीबिंदू किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेआधीच्या रक्ततपासणीत हे अचानक कळते. म्हणजे निदान होते ते दुसऱ्याच कारणाने. तोपर्यंत जोडीदारालाही संसर्ग झालेला असू शकतो.

प्रत्येक खाज किंवा पुरळ म्हणजे लैंगिक आजार का?

नाही, आणि हा गैरसमज दूर करणेही तितकेच आवश्यक आहे. ज्येष्ठांमध्ये दिसणारी ‘नागीण’ हा कांजिण्यांचा जुना विषाणू पुन्हा जागा झाल्याने होणारा आजार आहे. तो शरीरसंबंधांतून होत नाही. जननेंद्रियांवर वारंवार फोड आणणारा हर्पिस वेगळ्या विषाणूमुळे होतो आणि तो संबंधांतून पसरतो. नावातील साम्यामुळे ‘हर्पिस झोस्टर’ हा शब्द रिपोर्टवर वाचून घाबरण्याचे कारण नाही. मात्र नागीण मोठ्या भागावर पसरली किंवा पुन्हा पुन्हा झाली, तर प्रतिकारशक्ती का घटली हे डॉक्टर तपासतात.

मधुमेह नियंत्रणात नसेल, तर बुरशीमुळे खाज आणि लाली येते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यामुळे काहींना जननेंद्रियांच्या ठिकाणी बुरशीचा संसर्ग होतो. अशा वेळी जोडीदारावर संशय घेण्याआधी गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवावी.

पाळी थांबून वर्ष उलटल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला, तर मात्र थांबू नये. संसर्ग हे त्याचे एक कारण असू शकते, पण कर्करोगाची शंका आधी दूर करावी लागते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे प्रामुख्याने एचपीव्ही हा शरीरसंबंधांतून पसरणारा विषाणू असतो आणि तो शरीरात शिरल्यानंतर अनेक वर्षांनी आजार दिसतो. सरकारी कार्यक्रमात या कर्करोगाची तपासणी ३० ते ६५ वयाच्या महिलांसाठी आहे.

कोणत्या चाचण्या, कुठे होतात?

नवे नाते सुरू करताना किंवा शंका असल्यास चार चाचण्यांपासून सुरुवात करता येते : एचआयव्ही, सिफिलिससाठी व्हीडीआरएल किंवा आरपीआर, हेपॅटायटिस बी आणि हेपॅटायटिस सी. वाढत्या वयात व्हीडीआरएल काही वेळा संसर्ग नसतानाही पॉझिटिव्ह येते. त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या चाचणीने खात्री केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

जिल्हा रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये आणि अनेक ग्रामीण रुग्णालयांत ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ असते. पाटीवर बहुतेकदा ‘आयसीटीसी’ लिहिलेले असते. तेथे आधी समुपदेशक बोलतो, संमती घेतो, मग रक्त घेतले जाते. शुल्क नाही. एचआयव्ही असल्याचे एका चाचणीवर जाहीर केले जात नाही, वेगवेगळ्या तीन चाचण्यांनी खात्री केली जाते. संसर्गानंतर सुरुवातीचे काही आठवडे चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून शंकास्पद संबंधानंतर तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी लागते. संबंध ताजा आणि धोका मोठा असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे पोहोचल्यास प्रतिबंधक औषधांचा विचार होऊ शकतो.

जखम, स्राव, जळजळ अशा तक्रारींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असते. लक्षणांनुसार ठरलेल्या, वेगवेगळ्या रंगांच्या पाकिटांतून तेथे औषधे मोफत मिळतात. हेपॅटायटिस बी आणि सी साठी २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात चाचणी व उपचार मोफत आहेत. हेपॅटायटिस बी ची लस प्रौढांनाही घेता येते. माहितीसाठी ‘नॅको’ची १०९७ ही हेल्पलाइन नि:शुल्क आहे.

औषध दुकानातून तीन दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या घेऊन प्रकरण मिटवणे धोक्याचे ठरते. लक्षण दबते, जंतू राहतो आणि औषधाला दाद न देणारा होऊ शकतो. जोडीदारावर एकाच वेळी उपचार झाले नाहीत, तर संसर्ग परत येतो.

घरच्यांना कळेल का?

ज्येष्ठांची ही सर्वांत मोठी भीती. रुग्णालयात मुलगा सोबत येतो, सून फाइल सांभाळते, रिपोर्ट मुलीच्या व्हॉट्सॲपवर येतो. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय एचआयव्ही चाचणी करता येत नाही आणि व्यक्तीच्या संमतीशिवाय तिची स्थिती उघड करता येत नाही. बिल मुलगा भरत असला, तरी रिपोर्टवरचा हक्क त्याला मिळत नाही. संसर्गाचा खरा धोका असलेल्या लैंगिक जोडीदाराला कळवण्याबाबत कायद्यात वेगळी तरतूद आहे, पण त्याआधी समुपदेशनासह ठरावीक टप्पे पाळावे लागतात. उपचार, घरभाडे, विमा, नोकरी यांत भेदभाव करण्यास मनाई आहे.

व्यवहारात एक साधी खबरदारी घेता येते. खासगी प्रयोगशाळेत नोंदणी करताना रिपोर्ट स्वतः येऊन घेणार असल्याचे सांगावे आणि स्वतःचाच मोबाइल क्रमांक द्यावा.

एक गंभीर शक्यताही लक्षात ठेवावी लागते. अंथरुणाला खिळलेल्या किंवा डिमेन्शिया असलेल्या व्यक्तीला लैंगिक संसर्ग आढळला, तर तो अत्याचाराचा संकेत असू शकतो. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या ‘एल्डर लाइन’वर मदत मागता येते.

ज्येष्ठांना हे उपचार झेपतात का?

सिफिलिसवर पेनिसिलिन आजही प्रभावी आहे. एचआयव्हीसाठीची एआरटी औषधे देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी घ्यावी लागते. रक्तातील विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका दबला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधांतून दुसऱ्याला संसर्ग होत नाही. सत्तरीतील जोडप्यालाही हे तितकेच लागू आहे.

ज्येष्ठांचा प्रश्न असतो तो आधीच सुरू असलेल्या गोळ्यांचा. या गोळीतील डोल्युटेग्राविर हे औषध मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचे रक्तातील प्रमाण वाढवते, त्यामुळे डॉक्टरांना मेटफॉर्मिनचा डोस बदलावा लागू शकतो. ॲसिडिटीच्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमयुक्त गोळ्या किंवा पातळ औषधे, तसेच कॅल्शियम आणि लोह यांमुळे डोल्युटेग्राविर नीट शोषले जात नाही. म्हणून वेळांत अंतर ठेवावे लागते. टेनोफोविर मूत्रपिंड आणि हाडांवर परिणाम करू शकते, त्यासाठी क्रिएटिनिन तपासले जाते. एआरटी केंद्रात जाताना रोजच्या सर्व गोळ्यांची यादी, आयुर्वेदिक औषधांसह, सोबत न्यावी.

डॉक्टरांशी बोलायचे कसे?

मराठीत या विषयावर स्पष्ट लिहिण्याला शतक होत आले. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये निधन होईपर्यंत चालवले. ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे त्यांचे पुस्तकही आहे. तरी ‘गुप्तरोग’ हा शब्द अजून रुळलेला आहे आणि दवाखान्यात तोंड उघडणे अनेकांना जड जाते.

सुरुवातीला कारण सांगण्याची गरज नसते. ‘डॉक्टर, रुटीन तपासणीत एचआयव्ही आणि व्हीडीआरएलही लिहा’ एवढे वाक्य पुरते. सोबत आलेल्यांना ‘दोन मिनिटे बाहेर थांबा’ असे सांगण्याचा रुग्णाला अधिकार आहे. डॉक्टरांनीही रक्तदाब, झोप, बद्धकोष्ठता विचारताना ‘जोडीदारासोबत संबंध आहेत का, काही त्रास होतो का’ हा प्रश्न त्याच सुरात विचारला, तर बरेचसे अवघडलेपण तेथेच संपते.

नव्याने एकत्र येणाऱ्या ज्येष्ठ जोडप्यांनी चाचणी एकाच दिवशी, सोबत जाऊन करावी, असा सोपा मार्ग आहे. दोघांचेही रक्त तपासले जात असल्याने कोणा एकावर संशयाचे ओझे राहत नाही. रिपोर्ट काहीही आला, तरी पुढचा सल्ला त्याच केंद्रातील समुपदेशक देतो.